तीन ओळींचा क्रम: भरकटणाऱ्या ग्रहाचा इतिहास

संगणकावर भौतिकशास्त्राचा पहिला प्रोग्राम लिहिताना बहुतेक जण सूर्याभोवती फिरणारी पृथ्वीच निवडतात. नियम माहीत असतो, सूत्र दोन ओळींचे असते आणि उत्तर काय यायला हवे हे शाळेपासून पाठ असते. प्रोग्राम चालतो, कंपायलर तक्रार करत नाही, पडद्यावर ग्रह फिरू लागतो. एक फेरी पूर्ण होते, पण ग्रह निघाला त्या जागी परत येत नाही, थोडा बाहेर येतो. दुसऱ्या फेरीत आणखी बाहेर. दहा-वीस फेऱ्यांनंतर कक्षेची जागा उदबत्तीच्या धुरासारख्या उलगडत जाणाऱ्या वेटोळ्याने घेतलेली असते.

मग शोध सुरू होतो. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक तपासला जातो, वर्ग की घन ते पाहिले जाते, उणे चिन्ह विसरले का ते पाहिले जाते. सगळे बरोबर असते. रात्री उशिरा कोणीतरी वेगाला ०.९९९ ने गुणणारी एक ओळ घालून देतो आणि कक्षा बंद होते. असे प्रोग्राम मी प्रयोगवहीत दरवर्षी पाहतो. आलेख सुंदर असतो, आणि तो खोटा असतो. अंतराळात नसलेले घर्षण, नसलेल्या ऊर्जावाढीवर उतारा म्हणून घातलेले असते. टप्पा किंवा कक्षा बदलली की तो उतारा लागू पडत नाही.

या चुकीला मोठा इतिहास आहे, आणि तो कळला की चूक कुठे शोधायची हेही कळते. आधी चूक उघडी करू. ग्रहाऐवजी स्प्रिंगला बांधलेले वस्तुमान घ्या, कारण त्याचे गणित कागदावर होते. वस्तुमान १, स्प्रिंगचा स्थिरांक १. लूपमध्ये तीन ओळी:

त्वरण = −स्थान
स्थान = स्थान + वेग × टप्पा
वेग = वेग + त्वरण × टप्पा

सुरुवातीला स्थान १, वेग ०, टप्पा ०.१. एकूण ऊर्जा म्हणजे स्थानाचा वर्ग अधिक वेगाचा वर्ग, भागिले २. ती सुरुवातीला ०.५ आहे. पहिल्या टप्प्यानंतर स्थान १ च राहते, वेग −०.१ होतो, ऊर्जा ०.५०५. दुसऱ्या टप्प्यानंतर स्थान ०.९९, वेग −०.२, ऊर्जा ०.५१००५. दर टप्प्याला ऊर्जा बरोबर १.०१ पट होते आहे. हा योगायोग नाही. दोन ओळींचे वर्ग करून बेरीज केलीत तर ऊर्जा दर वेळी (१ + टप्प्याचा वर्ग) या पटीने वाढते हे तुम्हालाच दिसेल. एका आवर्तनात सुमारे ६३ टप्पे पडतात, म्हणजे एका आवर्तनात ऊर्जा जवळजवळ १.८७ पट. दहा आवर्तनांत ती पाचशे पटींच्या वर जाते आणि दोलनाचा विस्तार तेवीस पटींजवळ पोचतो.

टप्पा लहान करा, हा सल्ला सगळेच देतात. तो ०.०१ केला तर एका आवर्तनातली वाढ साडेसहा टक्क्यांवर येते. पण शंभर आवर्तने चालवा, पुन्हा पाचशे पट. दसपट काम करून संकट दसपट पुढे ढकलले, एवढेच झाले.

आता शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करा. आधी वेग, मग स्थान. बाकी काही बदलू नका.

पहिल्या टप्प्यानंतर वेग −०.१, स्थान ०.९९. दुसऱ्यानंतर वेग −०.१९९, स्थान ०.९७०१. ऊर्जा ०.५ वरून ०.४९५०५ आणि मग ०.४९०३५ च्या आसपास येते. म्हणजे ती घटते आहे, असे म्हणाल. थांबा. स्थानाचा वर्ग, अधिक वेगाचा वर्ग, वजा टप्पा गुणिले स्थान गुणिले वेग ही राशी काढून पाहा. दोन्ही वेळा ती बरोबर १ येते, आणि लाख टप्पे चालवलेत तरी १ च राहते. खरी ऊर्जा तिच्या आसपास पाच टक्के खालीवर झुलते, पण वाहून जात नाही. दोलक दोलकच राहतो.

ओळींची फक्त जागा बदलली आणि प्रोग्राम सुधारला, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटते. कारण वहीत लिहिलेल्या दोन समीकरणांना क्रम नसतो, ती एकाच क्षणी खरी असतात. प्रोग्राममधले बरोबरचे चिन्ह मात्र समीकरण नसून आज्ञा आहे. आधी काय केले त्यावर नंतर काय होणार ते ठरते. गंमत अशी की तीन ओळी सहा क्रमांनी लिहिता येतात. लूप गोल फिरत असल्यामुळे त्यांतले तीन क्रम प्रत्यक्षात एकच ठरतात आणि उरलेले तीन दुसरे एक. पहिला गट ऊर्जा वाढवत नेतो, दुसरा सांभाळतो. शेजारी बसलेल्या मित्राचा प्रोग्राम तुमच्यासारखाच दिसूनही चालतो आणि तुमचा चालत नाही, याचे कारण अनेकदा इतकेच असते.

हा बदल अध्यापनाच्या वर्तुळात गाजला तो १९८१ साली. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील ॲलन क्रोमर यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये एक छोटा निबंध लिहिला. ऑयलर पद्धतीत नव्या वेगाने स्थान काढले तर दोलनाचे उत्तर स्थिर राहते, हे त्यांनी दाखवले आणि कारणही दिले. ही युक्ती एका शाळकरी विद्यार्थिनीच्या हाती योगायोगाने लागली, हे त्यांनी नोंदवले. मला ही नोंद त्या निबंधाइतकीच महत्त्वाची वाटते. घरगुती संगणक नुकते शाळांत येऊ लागले होते, आणि 'चुकून' बरोबर आलेल्या उत्तराकडे दुर्लक्ष न करता कोणीतरी त्याचे कारण शोधले. आज अनेक पुस्तकांत या पद्धतीला ऑयलर–क्रोमर असे नाव आहे.

पण हा क्रम १९८१ मध्ये जन्मला नव्हता. तो शोधायला तीनशे वर्षे मागे जावे लागते.

न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चे साल १६८७. त्याच्या पहिल्या भागातले पहिलेच प्रमेय उघडा. केंद्राकडे ओढल्या जाणाऱ्या वस्तूची त्रिज्या समान काळात समान क्षेत्रफळ झाडते, हे न्यूटनला सिद्ध करायचे आहे. तो काळाचे समान तुकडे करतो. वस्तू 'अ' पासून 'ब' पर्यंत सरळ रेषेत जाते. 'ब' वर तिला केंद्र 'स' च्या दिशेने एक झटका बसतो. झटक्याने बदललेल्या वेगाने ती पुढचा तुकडा सरळ जाते आणि 'क' ला पोचते. मग पुन्हा झटका. म्हणजे आधी वेग बदलायचा आणि मग नव्या वेगाने स्थान बदलायचे. क्रोमरच्या निबंधातला क्रम तो हाच.

सिद्धता शाळेच्या भूमितीची आहे आणि तुम्ही ती स्वतः काढावी. झटका बसलाच नसता तर वस्तू 'ब' पासून तेवढेच अंतर सरळ पुढे गेली असती, आणि 'स' पासून काढलेले नवे त्रिकोण समान पाया व समान उंचीमुळे आधीच्या एवढेच असते. झटक्यामुळे टोक सरकते, पण ते 'ब–स' या रेषेला समांतर सरकते. त्यामुळे त्रिकोणाची 'ब–स' पासूनची उंची बदलत नाही, क्षेत्रफळही नाही. टप्पा कितीही मोठा घ्या, क्षेत्रफळ काटेकोर तेवढेच. आजच्या भाषेत कोनीय संवेग तंतोतंत टिकतो, अंदाजाने नव्हे.

आता आपल्या बिघडलेल्या प्रोग्रामकडे याच चित्रातून पाहा. तिथे वस्तू 'ब' ला पोचते, पण तिला दिलेला झटका 'अ' वर असतानाचा असतो. ओढ शिळी आहे. तिची दिशा 'ब–स' ला समांतर नाही, 'अ–स' ला आहे. त्यामुळे प्रत्येक त्रिकोण आधीच्यापेक्षा थोडा मोठा होतो. आकर्षण असेल तर नेहमी मोठाच होतो, लहान कधीच नाही, हे सदिशांचा गुणाकार करून दोन ओळींत दाखवता येते. ग्रह बाहेरच का भरकटतो, आत का पडत नाही, याचे उत्तर इथे आहे. चूक यादृच्छिक असती तर ती कधी इकडे कधी तिकडे गेली असती. ही एकाच दिशेने साचते.

झटक्यांची ही कल्पना एकट्या न्यूटनची नव्हती. सरळ रेषेतली गती आणि केंद्राकडची ओढ यांची जोडणी करून कक्षा समजून घ्यावी, हे रॉबर्ट हूकने १६७९ च्या पत्रव्यवहारात न्यूटनला सुचवले होते. हूकची सप्टेंबर १६८५ ची एक आकृती उपलब्ध आहे. अंतराच्या प्रमाणात वाढणाऱ्या ओढीखाली, म्हणजे आपल्या स्प्रिंगच्याच नियमाने, त्याने झटक्या-झटक्याने बहुभुज काढला आहे आणि तो लंबवर्तुळाला धरून राहतो. कागद, पट्टी आणि कंपास एवढ्यावर केलेले हे सिम्युलेशनच म्हणायचे.

मग आपल्या हातात बिघडलेला क्रम आला कुठून? लेओनहार्ड ऑयलरच्या नावाने. १७६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रकाशित झालेल्या समाकलनशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्याने अवकल समीकरणे टप्प्याटप्प्याने सोडवण्याची रीत दिली. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. तो ग्रहाची कक्षा काढत नव्हता, कोणत्याही पहिल्या क्रमाच्या समीकरणाला लागू पडेल अशी सर्वसाधारण रीत सांगत होता. टप्पे लहान ठेवा, नाहीतर चुका साचतात, हा इशाराही त्याने दिला होता. सर्वसाधारण रीतीला समोरची राशी स्थान आहे की वेग हे माहीत नसते. ती सगळे जुने आकडे एकदम घेते आणि सगळे नवे एकदम देते. गतीच्या समीकरणांची विशेष घडण तिथेच हरवते.

आपल्या अभियांत्रिकी गणिताच्या अभ्यासक्रमात हीच परंपरा आली. परीक्षेत ऑयलर पद्धतीने दोन-तीन टप्पे कॅल्क्युलेटरवर करायला सांगतात. तीन टप्प्यांत ऊर्जेची वाढ तीन टक्के. कोणाच्या लक्षात येणार?

खगोल आणि भौतिकशास्त्रात प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्यांनी मात्र चांगला क्रम पुन्हा पुन्हा शोधला. नॉर्वेचा कार्ल स्टॉर्मर ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करत होता. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण कसे वळतात हे त्याने हाताने मोजले आणि त्यासाठी वापरलेली रीत १९०७ मध्ये मांडली. कॅलटेकमध्ये रिचर्ड फाइनमनने १९६१ साली सुरू केलेली व्याख्याने तुमच्या ग्रंथालयात असतीलच. पहिल्या खंडाचे नववे प्रकरण काढा. तिथे नेमके आपलेच उदाहरण आहे: स्प्रिंग, स्थान १, वेग ०, टप्पा ०.१. फाइनमन वेग मात्र ०.०५, ०.१५, ०.२५ अशा मधल्या क्षणांना काढतो. स्थान आणि वेग एकमेकांना ओलांडत उड्या मारत जातात. म्हणून या रीतीला 'लीपफ्रॉग' म्हणतात, आपल्याकडच्या घोडा-घोडा खेळासारखी. पहिल्या टप्प्यात स्थान ०.९९५ येते, आणि कोष्टक पुढे नेले की खऱ्या उत्तराला ते जवळजवळ चिकटून राहते. त्याच प्रकरणात तो सूर्याभोवतीचा ग्रहही कोष्टकाने फिरवून दाखवतो. संगणक न वापरता.

याच दशकात एका भारतीयाचे काम येते, आणि आपल्या वर्गांत ते जितके सांगितले जावे तितके सांगितले जात नाही. अनीसुर रहमान हैदराबादचे. केंब्रिज आणि बेल्जियममध्ये शिकून आल्यावर त्यांनी उस्मानिया विद्यापीठात अध्यापन केले आणि पुढे अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. १९६४ मध्ये त्यांनी द्रवरूप आरगॉन वायूच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर काढून दाखवली. खऱ्या द्रवाचे असे पहिले विश्वासार्ह सिम्युलेशन म्हणून ते ओळखले जाते. ८६४ हा आकडा विचित्र वाटेल. सहा गुणिले सहा गुणिले सहा पेट्या आणि प्रत्येक पेटीत चार अणू, अशी स्फटिकाची सुरुवातीची मांडणी केली की तो येतो. रहमान यांची रीत वेगळी होती: आधी अंदाज, मग दुरुस्ती. तीन वर्षांनी, १९६७ मध्ये, फ्रान्सच्या लू व्हर्लेटने तितक्याच, ८६४ कणांवर काम केले आणि रीत अगदी साधी ठेवली. नवे स्थान म्हणजे आताच्या स्थानाची दुप्पट, वजा मागचे स्थान, अधिक त्वरण गुणिले टप्प्याचा वर्ग. वेगाची गरजच नाही. ही रीत स्टॉर्मरचीच, आणि लीपफ्रॉगशी गणिताने एकरूप. आज प्रथिनांपासून धातूंपर्यंत अणूंचे जे सिम्युलेशन चालते, त्यातल्या फार मोठ्या भागात आत हीच ओळ किंवा तिचे भावंड असते.

ती इतकी टिकाऊ का, हे कळायला आणखी वेळ लागला. स्थान आडव्या अक्षावर आणि वेग उभ्या अक्षावर घ्या. थोड्या वेगवेगळ्या सुरुवातींचा एक छोटा चौकोन त्यावर काढा आणि सगळे बिंदू एक टप्पा पुढे न्या. 'आधी वेग' या पायरीत प्रत्येक बिंदू फक्त उभा सरकतो आणि किती सरकायचे ते त्याच्या स्थानावर ठरते. वह्यांची चळत हाताने तिरकी केल्यासारखे. चळत तिरकी होते, बाजूने दिसणारे क्षेत्रफळ तेवढेच राहते. 'मग स्थान' ही तशीच दुसरी तिरकी ढकल. दोन्ही मिळून क्षेत्रफळ तंतोतंत टिकते. ऑयलरची रीत एकाच वेळी दोन्ही ढकलते आणि क्षेत्रफळ दर टप्प्याला १.०१ पट करते. हे क्षेत्रफळ टिकवणाऱ्या रीतींचा विचार द व्होगेलेरे यांनी १९५६ मध्येच एका अहवालात मांडला होता, पण तो छापला गेला नाही. १९८३ मध्ये कण-त्वरकांसाठी रोनाल्ड रूथ यांनी, आणि १९८४ पासून बीजिंगमध्ये फंग खांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तो पुन्हा उभा केला. या रीतींना सिम्प्लेक्टिक म्हणतात. त्वरकात कण कोट्यवधी फेऱ्या मारतो. तिथे दर फेरीला ऊर्जेत शिरलेली खोटी भर म्हणजे कण भिंतीवर आदळेल की नाही या प्रश्नाचेच खोटे उत्तर.

मग चौथ्या क्रमाची रुंगे–कुट्टा रीत वापरली तर? प्रोजेक्टसाठी खुशाल वापरा. आपल्या दोलकात टप्पा ०.१ असताना ती दर टप्प्याला ऊर्जेचा सुमारे सात कोटी वीस लाखांत एक भाग गमावते. शंभर आवर्तनांत काही दिसणार नाही. दहा लाख आवर्तनांत मात्र निम्म्याहून अधिक ऊर्जा गेलेली असेल. सूर्यमाला अब्जावधी वर्षे स्थिर राहील का, असा प्रश्न असेल तर दहा लाख फेऱ्या ही सुरुवात असते. म्हणूनच जॅक विस्डम आणि मॅथ्यू होल्मन यांनी १९९१ मध्ये ग्रहांसाठी खास सिम्प्लेक्टिक रीत बनवली.

आता तुमच्या पडद्यावरच्या ग्रहाकडे परत या. कंपायलर ज्या चुका पकडतो त्या लिहिण्यातल्या. ही चूक पकडायला भौतिकशास्त्रच लागते. सिम्युलेशनबरोबर एकूण ऊर्जा आणि कोनीय संवेग यांचा आलेख नेहमी काढा. मग टप्पा निम्मा करा. आपल्या दोलकात पहिल्या आवर्तनातली वाढ ८७ टक्क्यांवरून सुमारे ३७ टक्क्यांवर येईल. टप्प्याबरोबर बदलणारी गोष्ट निसर्गाची असू शकत नाही, कारण टप्पा तुम्ही निवडलेला आहे. टप्पा निम्मा करूनही आकडा हलला नाही, तर सूत्रात किंवा एककांत चूक शोधा. वर्ष आणि सेकंद यांची सरमिसळ हा तिथला नेहमीचा गुन्हेगार. लीपफ्रॉग असेल तर आणखी एक चाचणी आहे: हजार टप्पे पुढे जा, टप्प्याचे चिन्ह उलटे करा, हजार टप्पे मागे या. सुरुवातीच्या जागी परत यायला हवे, फरक फक्त शेवटच्या दशांशांत.

क्रम बदलला म्हणजे सगळे मिटले असेही नाही. आपल्या दोलकात टप्पा २ पेक्षा मोठा घेतलात तर चांगला क्रमही फुटतो. लांबट कक्षेचा धूमकेतू सूर्याजवळून जाताना ओढ इतकी वेगाने बदलते की ठरावीक टप्पा अपुरा पडतो. तेव्हा मनात येते, सूर्याजवळ टप्पा लहान करू, दूर गेल्यावर मोठा. तसे करून पाहा आणि ऊर्जेचा आलेख काढा. टप्पा वाटेल तसा बदलत राहिला की क्षेत्रफळ टिकवण्याचा तो गुण नाहीसा होतो आणि ऊर्जा पुन्हा वाहू लागते, या वेळी अगदी सावकाश. धूमकेतूचा प्रोग्राम लिहाल तेव्हा तो आलेख पाच फेऱ्यांचा नको, किमान पाचशे फेऱ्यांचा आणा.